नद्यांच्या काठची थडगी : इटलीच्या एड्रिॲटिक किनाऱ्यावरील युद्ध-दफनभूमी

इटलीच्या पूर्व किनाऱ्याने बारीहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी कित्येक कोस समुद्राला चिकटून धावते. उजवीकडे एड्रिॲटिकचे निळे पाणी, डावीकडे द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची राई आणि त्यापलीकडे अ‍ॅपेनाइन पर्वताची निळसर रांग. दर काही मैलांवर गाडी एक पूल ओलांडते. पुलाखालून वाहणारी नदी उन्हाळ्यात इतकी क्षीण असते की, दगडगोट्यांच्या रुंद पात्रातून पाण्याची एखादी रेघ तेवढी दिसावी. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो. पुढे मेताउरो, फोल्या, कोंका. आणि अगदी उत्तरेस मोंतोने, लामोने, सेन्यो. उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी येणाऱ्या प्रवाशाला ही नावे बहुधा ठाऊक नसतात. परंतु १९४३ ते १९४५ या काळात या नावांना एक वेगळाच अर्थ प्राप्त झाला होता. त्यांपैकी बऱ्याच नद्यांच्या काठी, समुद्राकडे पाहणाऱ्या एखाद्या उतारावर, पांढऱ्या शिळांच्या सरळ ओळी आज उभ्या आहेत.

या दफनभूमी पाहावयास निघालेल्या माणसाने प्रथम नकाशा नीट पाहावा, म्हणजे त्या जेथे आहेत तेथेच का आहेत हे आपोआप उमगते. अ‍ॅपेनाइन पर्वत इटलीच्या कण्यासारखा मधून जातो. त्याच्या पूर्व उतारावरून निघणाऱ्या नद्या एकमेकींना जवळजवळ समांतर वाहत समुद्राला मिळतात, आणि दर दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड किनाऱ्यापर्यंत उतरते. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या सैन्याला म्हणूनच एक नदी ओलांडावी, एक टेकडी चढावी, पलीकडे उतरावे की पुन्हा दुसरी नदी समोर उभी, असा प्रकार करावा लागतो. बचाव करणाऱ्याला यापेक्षा सोयीची भूमी मिळणे कठीण. जर्मन सेनापतींनी या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला. ते एकेक नदी लढवीत, पूल उडवीत सावकाश मागे हटत राहिले. ज्या ज्या ठिकाणी त्यांनी निकराने पाय रोवले, त्या त्या ठिकाणी आज एक दफनभूमी आहे.

कोण लढले

इटलीने ८ सप्टेंबर १९४३ रोजी शरणागती जाहीर केली. युद्ध मात्र संपले नाही. जर्मन सैन्याने देशाचा ताबा घेतला आणि पुढील वीस महिने इटली ही दोन परक्या सैन्यांची रणभूमी झाली. पूर्व किनाऱ्यावरून वर सरकण्याचे काम ब्रिटिशांच्या आठव्या सेनेकडे होते. नाव ब्रिटिश असले तरी ही सेना अनेक देशांची होती. तीत कॅनडाचे, न्यूझीलंडचे, पोलंडचे, ग्रीसचे सैनिक होते. पुढे पॅलेस्टाइनमधील ज्यूंची एक ब्रिगेडही तीत सामील झाली. आणि हिंदुस्थानचे सैनिक होते. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन आणि एक स्वतंत्र गुरखा ब्रिगेड इटलीत लढली. हिंदी सैनिकांची एकूण संख्या पन्नास हजारांच्या आसपास होती आणि त्यांतले पाच हजार सातशेहून अधिक परत आले नाहीत. इटलीतील मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक वीस जणांना मिळाले. त्यांपैकी सहा हिंदी सेनेतील होते आणि त्या सहांतले दोघे मराठा पलटणींचे होते.

हे सैनिक स्वेच्छेने भरती झालेले होते हे खरे. पण ज्या सरकारने युद्ध पुकारले ते त्यांचे नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले ते देशातील कोणत्याही लोकप्रतिनिधीला न विचारता. ही गोष्ट त्या दफनभूमींतील कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही. तरी हिंदी नावांसमोर उभ्या राहणाऱ्याने ती ध्यानात ठेवलेली बरी. स्वतंत्र भारतात या सैनिकांची आठवण पुष्कळ वर्षे दबकत निघाली याचे एक कारण तेथे आहे.

एकाच मापाची शिळा

रणांगणावर पडलेल्या साध्या शिपायाला स्वतःचे असे थडगे असावे ही कल्पना फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत सरदारांची स्मारके होत आणि शिपाई खड्ड्यात एकत्र पुरले जात. पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर नावाच्या गृहस्थाने रेड क्रॉसच्या पथकाबरोबर काम करीत असताना फ्रान्समधील थडग्यांच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. त्यातूनच २१ मे १९१७ रोजी राजसनदेने ‘इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ स्थापन झाले. १९६० पासून या संस्थेच्या नावात ‘इंपीरियल’च्या जागी ‘कॉमनवेल्थ’ हा शब्द आला.

संस्थेपुढे पहिला प्रश्न होता तो समतेचा. श्रीमंत घरांना आपल्या मुलाचे शव मायदेशी नेण्याची किंवा त्यावर हवी तशी छत्री उभारण्याची मुभा द्यावी काय? ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांनी १९१८ मध्ये दिलेल्या अहवालात याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी होते. हुद्दा, जात, धर्म काहीही असो, प्रत्येकाला एकाच मापाची शिळा मिळावी आणि कोणाचेही शव परत नेऊ नये, असे त्यांनी सुचविले. ब्रिटनमध्ये यावर मोठे वादळ उठले. हजारो आयांनी विरोधाचे अर्ज केले. ४ मे १९२० रोजी पार्लमेंटमध्ये त्यावर चर्चा झाली आणि अखेर संस्थेचेच म्हणणे टिकले. सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद, वरच्या कडेला किंचित कमान असलेली ती शिळा तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी तीच राहिली आहे. पुण्याजवळ खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ थडगी आहेत. तेथील शिळांच्या ओळी ज्याने पाहिल्या आहेत त्याला इटलीत पाऊल ठेवताच ओळख पटेल. तीच हिरवळ, शिळांच्या पायथ्याशी तीच फुलझाडे, आणि ब्लूमफील्ड यांनी आखलेला, अंगावर उलटी तलवार बसविलेला तोच दगडी क्रूस. मोठ्या दफनभूमीत नव्या दिल्लीचे शिल्पकार लट्येन्स यांनी योजलेली, वेदीसारखी दिसणारी भव्य आडवी शिळाही असते. सर्व धर्मांच्या माणसांना समोर उभे राहता यावे म्हणून तिच्यावर मुद्दामच कोणतेही धर्मचिन्ह ठेवलेले नाही.

हिंदी सैनिकांच्या बाबतीत धर्माचा विचार करावा लागे तो मात्र वेगळ्या अर्थाने. मुसलमान सैनिकाला दफन हवे, हिंदूला आणि शिखाला अग्नी. हिंदू सैनिकांच्या शिळेवर देवनागरीत ॐकार, शिखांच्या शिळेवर गुरुमुखी आणि मुसलमानांच्या शिळेवर अरबी अक्षरे कोरण्याची पद्धत पहिल्या महायुद्धानंतरच पडली. परंतु ज्यांचे दहन झाले त्यांच्या नावे शिळा कोठे उभी करणार? त्यासाठी दहन-स्मारक हा प्रकार योजण्यात आला. इटलीत अशी तीन स्मारके आहेत, आणि तिन्ही एड्रिॲटिकच्या बाजूला : सांग्रो नदीवर, रिमिनीस आणि फोर्लीस. मराठी प्रवाशाच्या दृष्टीने या साऱ्या किनाऱ्यावर यांहून महत्त्वाची ठिकाणे नाहीत.

आता समतेच्या या तत्त्वाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपात ते कसोशीने पाळले गेले. युरोपाबाहेर ते तितकेसे पाळले गेले नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनसह हिंदी फौजा लढल्या. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेचे स्मारक बसरा येथे उभारले गेले तेव्हा ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या दिली गेली. एप्रिल २०२१ मध्ये संस्थेने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील किमान ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांचे, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान १,१६,००० जणांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत, असे त्यात मान्य करण्यात आले. संस्थेने त्याबद्दल क्षमा मागितली. इटलीतील दहन-स्मारके पाहताना ही पार्श्वभूमी ठाऊक असली की एक साधी गोष्ट डोळ्यांत भरते. येथे नाईक, लान्स नाईक, शिपाई यांची नावे एकेक करून कोरलेली आहेत. बसऱ्याच्या मूळ भिंतीवर जो केवळ आकडा होता, तो येथे माणूस झाला आहे.

सांग्रो आणि मोरो

दक्षिणेकडून येणाऱ्याने पहिला मुक्काम अब्रुत्सी प्रांतात करावा. बारीलाही एक मोठी दफनभूमी आहे. तेथे दोन हजारांहून अधिक थडगी आहेत, पण त्यांत रणांगणावरील मृतांपेक्षा बंदरातील आणि रुग्णालयांतील मृतांचा भरणा अधिक. खरी लढाईची भूमी सांग्रोपासून सुरू होते.

तोरिनो दी सांग्रो या गावाजवळ, नदीच्या मुखापासून थोड्या अंतरावर, अर्धवर्तुळाकार उतारावर ही दफनभूमी वसविली आहे. एखाद्या प्राचीन रंगमंडपाच्या पायऱ्यांप्रमाणे शिळांच्या ओळी उतरत जातात. येथे २,६१७ थडगी आहेत. १९४३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात या भागात जे मारले गेले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात समोरासमोर खंदक धरून बसले असता जे गेले, त्यांची शवे आजूबाजूच्या शेतांतून येथे आणली गेली. आणखी एका प्रकारच्या लोकांची थडगी येथे आहेत आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. इटलीच्या शरणागतीनंतर युद्धकैद्यांच्या छावण्यांतून निसटून, डोंगर तुडवीत, दोस्तांच्या फळीपर्यंत पोहोचण्याच्या धडपडीत जे वाटेतच मेले, ते हे कैदी. याच प्रांतात आव्हेत्सानो येथे हिंदी कैद्यांची छावणी होती.

नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रोने आठव्या सेनेला जेरीस आणले ते पावसामुळे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याची ही नदी डोंगरातील पावसाने एका रात्रीत फुगे आणि बांधलेले पूल वाहून नेई. पलीकडच्या उंचवट्यावर जर्मनांनी गावेच्या गावे किल्ल्यासारखी सजविली होती. २७ नोव्हेंबरच्या रात्री आठव्या हिंदी डिव्हिजनच्या सैनिकांनी मोझ्झाग्रोन्या या गावावर हल्ला केला. गाव हाती आले, निसटले आणि पुन्हा घेतले गेले. या डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या माणसांना चिखल नवा नव्हता. पण हाडे गोठविणारा असा चिखल त्यांनी कधी पाहिला नसावा.

दफनभूमीतील दहन-स्मारकावर पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. त्यांच्यासमोर उभे राहिले की एक अडचण जाणवते आणि ती आधीच सांगून ठेवणे उपयोगाचे. हिंदी सैनिकांची नावे बहुधा आडनावाने नव्हे, पहिल्या नावाने अकारविल्हे लावलेली असतात. जाधव शोधणाऱ्याने ‘जे’ या अक्षराखाली शोधून उपयोग नाही. शिवाय नावांची रोमन लिपीतील रूपे पलटणीच्या कारकुनाने कानाला जशी लागली तशी लिहिलेली. एकच आडनाव तीन तऱ्हांनी सापडते, आणि गावाचे नाव तर कधीकधी गावकऱ्यालाही ओळखू येऊ नये असे. यावर उपाय म्हणजे घरातील जुन्या कागदांवरून सैनिकाचा नंबर आणि पलटण आधी काढून ठेवणे. नंबर हा नावापेक्षा भरवशाचा. दफनभूमीच्या प्रवेशद्वारी भिंतीत एक लहान धातूची पेटी असते, तिच्यात नोंदवही ठेवलेली असते. नोंदवहीत नाव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि, माहिती मिळाली असेल तेथे, पित्याचे किंवा पत्नीचे नाव आणि गाव, जिल्हा दिलेला असतो. हीच माहिती आता संगणकाच्या साह्याने घरबसल्याही शोधता येते. दाराजवळ दुसरी एक वही असते ती भेट देणाऱ्यांसाठी. तीत मराठीत चार ओळी लिहिल्या तर कोणी रागावणार नाही.

सांग्रोपासून उत्तरेस थोड्या अंतरावर मोरो ही त्याहून लहान नदी आहे. नदी कसली, ओढाच तो. पण त्याची घळ खोल आहे. डिसेंबर १९४३ मध्ये येथे पूल बांधणे अशक्य ठरविण्यात आले होते. रस्ता घळीत उतरताना असे वळण घेई की, अलीकडच्या काठावर पुलाची जुळणी करण्यास जागाच नव्हती. तेव्हा हिंदी डिव्हिजनच्या सॅपर्सनी सामान हातांनी शत्रूच्या बाजूस वाहून नेले आणि पलीकडच्या काठावरून अलीकडे, म्हणजे उलटा, पूल बांधीत आणला. ‘इम्पॉसिबल ब्रिज’ या नावाने तो सैन्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. वीरश्रीच्या गोष्टींत बंदुकीचे जेवढे कौतुक होते तेवढे पान्याचे आणि हातोडीचे होत नाही. ही गोष्ट म्हणूनच आवर्जून सांगावीशी.

मोरोच्या पलीकडे, ऑर्तोना शहराच्या अलीकडे, सान दोनातो येथे कॅनेडियन दफनभूमी आहे. जागा जानेवारी १९४४ मध्ये कॅनेडियन सैन्याने स्वतः निवडली. थडगी १,६१५ आणि त्यांतली बहुसंख्य कॅनडाच्या तरुणांची. शिळांवर मेपलचे पान कोरलेले आहे आणि खाली समुद्र पसरलेला आहे. ऑर्तोनाची लढाई डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात झाली. जर्मन छत्रीधारी सैनिकांनी गल्ल्या पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांनी बंद केल्या होत्या, म्हणून कॅनेडियन सैनिक रस्त्यावर न येता एका घराच्या भिंतीला भगदाड पाडून दुसऱ्या घरात, तेथून तिसऱ्यात असे पुढे सरकत गेले. नाताळच्या दिवशी एका पलटणीने सांता मारिया दी कोस्तान्तिनोपोली या चर्चमध्ये सैनिकांना आळीपाळीने बोलावून जेवण वाढले. जेवण आटोपून परत गेलेल्यांपैकी काहींचे ते शेवटचे ठरले. २८ डिसेंबरला शहर रिकामे आढळले. शहरातील तेराशेच्या वर नागरिक या काळात मृत्यू पावले. मोरोच्या दफनभूमीत त्यांचे एकही नाव नाही, असणारही नाही. म्हणून ऑर्तोनास येणाऱ्याने शहरातून पायी हिंडावे, तेथील संग्रहालय पाहावे. केवळ सैनिकांच्या शिळा पाहून परतणाऱ्याला लढाई अर्धीच समजते.

आता या किनाऱ्याचे रूप फारच शांत आहे. समुद्रात खांब रोवून त्यांवर उभारलेल्या ‘त्राबोक्को’ नावाच्या मासेमारीच्या माचाणी पाहावयास लोक येतात. जुना लोहमार्ग आत हलविल्यावर त्याच्या जागी सायकलींचा रस्ता झाला आहे.

आन्कोना ते रिमिनी

पुढचा मोठा टापू प्रवाशाने थोडक्यात आटोपला तरी चालेल, दोन जागा मात्र चुकवू नयेत. पहिली लोरेतो. मेरीमातेचे घर म्हणून पूजली जाणारी वास्तू ज्या भव्य देवळात आहे, त्या टेकडीच्या उतारावर पोलंडच्या हजाराहून अधिक सैनिकांची थडगी आहेत. जनरल आंडर्स यांच्या या सैन्याने १८ जुलै १९४४ रोजी आन्कोना बंदर घेतले. त्यांतले अनेकजण सोव्हिएत रशियाच्या तुरुंगांतून आणि श्रमछावण्यांतून सुटून, इराण, इराक, पॅलेस्टाइनमार्गे येथवर आलेले होते. ज्या गावांसाठी ते लढले ती त्यांची गावे युद्धानंतरच्या वाटणीत सोव्हिएत हद्दीत गेली. जिंकलेल्या पक्षात असूनही ज्यांना घर उरले नाही अशांची ही दफनभूमी आहे. सबंध किनाऱ्यावर इतकी उदास जागा दुसरी नसेल.

दुसरी ग्रादारा. येथील मध्ययुगीन किल्ला पाओलो आणि फ्रान्चेस्का यांच्या दुर्दैवी प्रेमकथेमुळे, आणि दान्तेने ती आपल्या महाकाव्यात आणल्यामुळे, प्रसिद्ध आहे. पर्यटकांच्या गाड्या किल्ल्यापाशी थांबतात. किल्ल्याखालच्या उतारावरील १,१९१ थडग्यांकडे वळणारे थोडे. ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस ‘गॉथिक लाइन’ या जर्मन संरक्षणफळीवर जो हल्ला सुरू झाला त्यातील हे मृत. तेथून उत्तरेस कोरियानो टेकडीवर १,९३९ थडगी आहेत. इतक्या लहानशा टेकडीसाठी इतकी माणसे जावीत हे जागा पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. वर चढून समुद्राकडे पाहिले की तिची मोक्याची जागा कळते : रिमिनीचा सारा सपाट प्रदेश तेथून हातात आल्यासारखा दिसतो.

रिमिनीहून सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा दफनभूमी आहे. थडगी ६१८, आणि दहन-स्मारकावर आणखी १७२ नावे. सान मारिनो हे चिमुकले, तटस्थ प्रजासत्ताक. पण सप्टेंबर १९४४ मध्ये युद्ध त्याच्याही अंगणात शिरले. १८-१९ सप्टेंबरच्या रात्री नवव्या गुरखा रायफल्सच्या शेरबहादूर थापा याने एकट्याने एक कडा दोन तास लढवून धरला, आपल्या साथीदारांना मागे सरकू दिले, दोघा जखमींना आणले आणि तो पडला. दोन महिन्यांनी सान बार्तोलोच्या डोंगरावर पाचव्या गुरखा रायफल्सचा थमन गुरुंग असाच इतरांची पाठराखण करीत मेला. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघांच्या शिळा याच दफनभूमीत आहेत. पदकाची छोटी खूण सोडली तर त्या शेजारच्या शिळांपेक्षा तसूभरही मोठ्या नाहीत. केनियन यांच्या अहवालाचा अर्थ येथे जितका स्पष्ट दिसतो तितका तो वाचून समजत नाही.

फोर्ली आणि सेन्यो

रिमिनीच्या पुढे डोंगर मागे सरतात आणि पो नदीचे सपाट खोरे सुरू होते. येथे नद्या जमिनीच्या पातळीच्या वरून, दोन्ही बाजूंना घातलेल्या उंच मातीच्या बांधांमधून वाहतात. प्रत्येक बांध म्हणजे तयार तटबंदी. १९४४-४५ चा सबंध हिवाळा आठवी सेना या बांधांपुढे अडून राहिली.

फोर्ली शहर किनाऱ्यापासून काहीसे आत आहे. तेथील ‘इंडियन आर्मी वॉर सिमेट्री’ ही नावाप्रमाणेच हिंदी सैनिकांची. थडगी ४९६ आणि दहन-स्मारकावर जवळजवळ आठशे नावे. म्हणजे पुरलेल्यांपेक्षा अग्नी दिलेल्यांची संख्या येथे कितीतरी मोठी. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि या पलटणी दोन देशांत वाटल्या गेल्या. फ्रंटियर फोर्स पाकिस्तानात गेली, मराठा भारतात राहिली, गुरख्यांच्या काही रेजिमेंट ब्रिटनकडे गेल्या. दफनभूमीत मात्र वाटणी झालेली नाही. 

फोर्लीहून वायव्येस सेन्यो नदी आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी संध्याकाळी, दिवसभराच्या भयंकर बाँबवर्षावानंतर, आठव्या हिंदी डिव्हिजनने तिच्या बांधांवर हल्ला केला. पहिल्या मराठा पलटणीच्या एका कंपनीची आघाडीची तुकडी पलीकडच्या बांधावर जवळजवळ नष्ट झाली. अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव हा त्या कंपनीचा निरोप्या. त्याने दोन जखमी सोबत्यांना, एकेकाला उचलून, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणले. मग परत जाऊन एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हात जखमी झाल्याने बंदूक चालेना, तेव्हा त्याने हातबाँब फेकले. ते संपल्यावर बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावले. नामदेव जाधव जगला, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी परतला आणि १९८४ मध्ये वारला. त्याच रात्री थोड्या अंतरावर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यालाही तेच पदक मिळाले. तोही जगला. २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली.

सेन्योच्या काठी ज्यू ब्रिगेडही लढली होती. राव्हेन्नाजवळ प्यान्जीपाने येथील दफनभूमीत कॅनेडियन शिळांच्या शेजारी षट्कोनी तारा कोरलेल्या शिळांची ओळ दिसते ती तिच्या सैनिकांची.

जर्मन सैनिकांची थडगी या किनाऱ्यावर अशी विखुरलेली आढळत नाहीत, कारण त्यांची शवे पुढे मोजक्या मोठ्या दफनभूमींत एकत्र करण्यात आली. अ‍ॅपेनाइनमधील फुता खिंडीत अशा ३०,६८३ जणांची दफनभूमी १९६९ मध्ये पूर्ण झाली. डोंगरमाथ्यावर गोल फिरत चढत जाणारी एक दगडी भिंत आणि तिच्या आत-बाहेर जमिनीलगत बसविलेल्या शिळा. उभ्या शिळा नाहीत, फुले नाहीत. हरलेल्यांच्या आणि जिंकलेल्यांच्या स्मारकांतील हा फरक मुद्दाम पाहण्यासारखा आहे. हाती एक जादा दिवस असेल तर बोलोन्याकडे जाताना तेथे थांबावे.

दुसऱ्या मराठी व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यासाठी मात्र किनारा सोडून आत जावे लागते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे हा तिसऱ्या मराठा पलटणीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि तो वगळता सारे मेले किंवा जखमी झाले. त्याने सरळ त्या ठाण्यावर धाव घेतली, हातबाँबने तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि गोळ्या भरण्यास वेळ न उरल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. एका लपलेल्या नेमबाजाने त्याचा बळी घेतला. त्याचे वय बावीस. त्याच्या नावे शिळा नाही. ज्यांचे थडगे ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या कॅसिनो येथील स्मारकावर त्याचे नाव आहे. माणगावात तहसील कचेरीच्या आवारात त्याचा पुतळा आहे. जेथे तो पडला त्या खोऱ्यातील मोंतोने या गावाने जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. पेरूजाहून मोंतोनेस मोटारीने जाता येते. गाव टेकडीवर, तटबंदीच्या आत आहे.